शिखर दिसतं का?

सत्यवानाचं काम सांगायला गेलं तर कुणालाही हसू येईल. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, विमानतळाच्या गच्चीत उभं राहायचं आणि काय काय दिसतं ते सांगायचं, बस्स. जवळ काजूचं झाड, मग पाण्याची टाकी, आणि लांब, सड्याच्या कडेला, भगवतीच्या देवळाचं शिखर. शिखर दिसलं तर विमानाला उतरायला मोकळीक, नाही दिसलं तर नाही. आणखी पुष्कळ भानगडी असतात त्यात, पण गोष्टीपुरतं एवढं पुरे.

गावाची समजूत मात्र अशी की विमान सत्यवानच उतरवतो. बाजारात मासे घेताना कोळणीसुद्धा विचारायच्या, आज किती उतरवलीस रे? तोही हसून वेळ मारून न्यायचा. फुकटचा मान कोणाला नको असतो? त्याची आई हौसाबाई तर आल्यागेल्याला सांगायची, माझा थोरला वर बघून नुसता हात करतो, की विमान खाली.

ती हौसाबाई आता अंथरुणाला खिळली होती. अन्न सुटलं होतं, पाणी चमच्याने जात होतं, आणि जीव अडकला होता धाकट्यात. विनीत बोटीवर खलाशी, वर्ष होऊन गेलं होतं त्याला बघून. कसाबसा सुटून तो मुंबईला पोचला आणि सकाळच्या विमानात बसला. आता तो यावा, तिने त्याचं तोंड बघावं आणि सुखाने डोळे मिटावेत, एवढीच घरादाराची इच्छा राहिली होती.

त्या सकाळी सत्यवानाचा पाय घरातून निघेना. कामावरचा जोडीदार रजेवर, बदली माणूस नाही. आईच्या उशाशी तो घुटमळत होता, तर तिनेच डोळे उघडले.

"तू जा," ती म्हणाली. "तू नाय गेलंस तर त्येका उतरवतलो कोण?"

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण मरणाऱ्या माणसाला काय सांगणार, कपाळ? त्याने तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि तो निघाला.

सड्यावर मेलं धुकं असं बसलं होतं की काजूचं झाडही धड दिसेना. मोहोर काळा पडणार म्हणून बागायतदार त्याला शिव्या घालत असतील, सत्यवान आज त्यांच्याहून जास्त घालत होता. हळूहळू झाड वर आलं. मग टाकी आली, पाय नसल्यासारखी. पुढे नुसतं पांढरं.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. डोक्यावरून गेला, समुद्राकडे वळला, परत आला. घिरट्या सुरू झाल्या. त्या आवाजात विनीत बसला होता, आणि गुडघ्यावर मुठी आवळून बसला असणार, लहानपणापासूनची सवय त्याची.

आणि मग घंटा ऐकू आली. देवळाची घंटा! एवढ्या सकाळी कोण वाजवतंय ते सत्यवानाला कळलं. त्याच्या बहिणीने, शर्मिलाने, देवळाचा मानकरी गावकर भिकाजीला देवापुढे गाऱ्हाणं घालायला धाडलं होतं. बा देवा म्हाराजा, ह्या धुक्याचा संकट दूर कर, हौसाबायच्या झिलाक सुखरूप घराक पोचव. आणि जमलेल्यांचं 'व्हय म्हाराजा'. घंटा कानात घणघणत होती, पण देऊळ कुठे होतं?

वरच्या टॉवरमधून, विमानाशी बोलणाऱ्या भक्ती मॅडमचा फोन आला. मुलगी गुणाची, सगळं माहीत होतं तिला. आवाज जपून काढत तिने विचारलं, "काका, शिखर दिसतं का?"

सत्यवानाने बघितलं. आणि काय सांगू, त्याला शिखर दिसलं! कळस, वरचा झेंडा, खालचा वड, सगळं. जन्मभर बघितलेलं देऊळ ते, डोळे मिटले तरी दिसणारच. म्हणून त्याने खरंच डोळे मिटले. तरी ते तिथेच होतं, झेंड्यासकट. डोळे उघडून त्याने पुन्हा बघितलं, तर टाकीपलीकडे काही म्हणजे काही नव्हतं.

घंटा वाजतच होती. एक शब्द बोलायचा होता.

"नाही," तो म्हणाला. "शिखर दिसत नाही."

विमानाने आणखी एक घिरटी घातली आणि आवाज गोव्याच्या दिशेने लांब लांब गेला. सत्यवान कठड्याला धरून उभा राहिला. पुढे ऊन तापलं, धुकं उठलं आणि शिखर लख्ख दिसायला लागलं, काही झालंच नाही अशा थाटात. तेव्हाच घरून फोन आला, आई गेली म्हणून.

विनीत गोव्याहून गाडी करून पोचला तेव्हा हौसाबाईला घरापुढच्या खळ्यात, अंगणात, ठेवलं होतं. देवाने गाऱ्हाणं ऐकलं होतं म्हणायचं, सुखरूप पोचला होता तो. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो असा रडला की बघवेना. शर्मिला सत्यवानाशी एक शब्द बोलली नाही. भिकाजीनेही तोंड फिरवलं. एवढं देवाला साकडं घातलं आणि घरच्याच माणसाने नाही म्हटलं, हे गावात पसरायला कितीसा वेळ?

अग्नी देऊन आल्यावर दोघे भाऊ पडवीत बसले.

"दादा," विनीत म्हणाला, "तुझ्या जाग्यार मी असतंय, तर दिसता म्हणान सांगान मोकळो झालो असतंय."

हा ठपका की आणखी काही, सत्यवानाला कळेना. विमानात तूच होतास रे, असं त्याच्या ओठांवर आलं, पण बोलवलं नाही. तेव्हा विनीतनेच बहिणीला विचारलं, आये शेवटी काय बोलली?

शर्मिला दाराला टेकून उभी होती. सांगू की नको असं तिचं झालेलं दिसत होतं. मग तिने दिवसभरात पहिल्यांदा थोरल्या भावाकडे बघितलं.

"इमानाचो आवाज इलो तशी ती हसली," ती म्हणाली. "म्हणाली, आता कसली काळजी? सत्यो थंय आसा. तो उतरवतलो. आणि दाराकडे तोंड करून रवली."

सत्यवान दाराकडे बघत राहिला. मग इतका वेळ कोरडा राहिलेला तो माणूस धाकट्या भावाच्या मांडीवर डोकं टाकून रडायला लागला, आणि विनीतने त्याला उठवलं नाही.