खाप्याचे चंपतराव

गणपतरावांनी ओटीपीचे आकडे आधी स्वतःच्या नावापुढे टाकले आणि नव्या पोर्टलने हिरव्या अक्षरांत त्यांचं स्वागत केलं. मग त्यांनी चष्मा पुसला, चंपतरावांचं नाव टाकलं आणि पुन्हा तोच मोबाइल नंबर दिला. पोर्टल थोडा वेळ गोल फिरलं. 'हा क्रमांक दुसऱ्या व्यक्तीच्या नावे आहे. एक क्रमांक, एक व्यक्ती.'

"बरं," गणपतराव म्हणाले. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे यंत्रांशी अदबीनं बोलायची त्यांना सवय लागली होती.

भूशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर ते रामदासपेठेतल्या एका मुक्त शिक्षण केंद्रासाठी 'आपली विहीर, आपलं भूजल' हा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवत होते. आता केंद्र जुनं पोर्टल सोडून नव्या पोर्टलवर जात होतं. ऑफिसात या कामाला 'शिफ्टिंग' म्हणत, आणि घर बदलताना होतं तेच याही शिफ्टिंगमध्ये झालं होतं. खडकांच्या आकृत्या मागेच राहिल्या. व्हिडिओत सरांचा आवाज आला, चेहरा आला नाही. त्याबद्दल एकाही विद्यार्थ्यानं तक्रार केली नाही. चाचणीतली बरोबर उत्तरं एकेक ओळ खाली सरकली, त्यामुळे नव्या पोर्टलच्या मते विहिरीला पाणी महानगरपालिका पुरवत होती. हे सगळं गणपतराव शांतपणे दुरुस्त करत होते. एकच सामान त्यांच्याच्यानं हलत नव्हतं, ते म्हणजे चंपतराव.

अडचण अशी, की चंपतराव नावाचा माणूस नव्हताच.

अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा केंद्रानं सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं. मुलं लाजतात, पहिला प्रश्न कुणी विचारत नाही, तेव्हा प्रत्येकानं एक खोटा विद्यार्थी तयार करावा आणि त्याच्या नावानं चर्चेत प्रश्न टाकावा, असं त्यात सांगितलं होतं. सगळ्यांनी तयार केले. बाकीचे महिन्याभरात आपापल्या विद्यार्थ्याचा पासवर्ड विसरले. गणपतरावांनी खापा या गावचा एक शेतकरी केला, त्याला नदीकडच्या वावरात एक विहीर दिली, आणि तिथंच चुकलं. विहीर असलेला माणूस गप्प बसत नाही.

'सर, तुम्ही म्हणता पाणी खडकाच्या भेगेत रायते,' चंपतरावांनी पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. 'आमच्या खडकाले हे कोणी सांगतलं नाई वाटते.'

गणपतरावांनी शुद्ध भाषेत, आकृतीसह उत्तर दिलं.

'तुमचं बराबर असन. पण तुम्ही कधी विहिरीत उतरले होते काय?'

याचं उत्तर द्यायला गणपतरावांना दोन दिवस लागले. ते उतरले नव्हते.

पुढे खरे विद्यार्थी आले, बोलले, प्रमाणपत्रं घेऊन गेले. नंतर नंतर यायचेच कमी झाले. चंपतराव राहिले. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ते काहीतरी विचारत आणि गणपतराव उत्तर देत. कधी विहिरीचं, कधी नुसतंच. 'सर, आज जेवले काय?' असंही एकदा विचारलं होतं. गणपतराव दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीत राहत. तिथं माणूस आजारी पडून येतो नाहीतर आजाऱ्याला भेटायला येतो. गणपतरावांना भेटायला कुणी येत नसे. दाराची घंटा वाजलीच, तर वरच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारायला.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले. शिफ्टिंगचं काम सुरुची पाहत असे. तिशी ओलांडलेली, कामाला चोख, आणि संगणकाकडे पाहतानाही समोरच्याचं सगळं ऐकणारी.

"सर, तुमचा नि चंपतरावांचा नंबर एकच दाखवून राहिला."

"त्यांच्याकडे फोन नाही."

"मग रोज लिहितात कसे?"

"ते सांगतात, मी टाइप करतो."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं, याचा गणपतरावांना थोडा अभिमान वाटला.

"म्हणजे येतात तुमच्याकडे? धंतोलीत?"

"धंतोलीत सगळेच येतात."

"हे पण खरं आहे," सुरुची म्हणाली. "कुठले सर ते?"

"खाप्याचे."

तिचे हात कीबोर्डवरून उठले. "अरे बापा! माझं माहेर खाप्याचं. कोणते चंपतराव?"

"नदीकडचे."

"आडनाव?"

"लावत नाहीत."

"असं कसं लावत नाहीत? थांबा, बाबाले विचारते. बाबाले अख्खं खापा माहीत आहे. कोणाच्या म्हशीनं कधी दूध देणं बंद केलं, ते पण."

तेवढ्यात संचालक सुमंत केबिनमधून बाहेर आले. तेही सुरुचीसारखेच त्या जुन्या प्रशिक्षणानंतर केंद्रात आलेले. नव्या पोर्टलचं उद्घाटन शनिवारी होतं, आणि एखादी गोष्ट सुरू होताना कुणाला तरी शाल दिल्याशिवाय ती सुरू झाली असं त्यांना वाटत नसे.

"गणपतराव, तुमच्या त्या शेतकऱ्याचा सत्कार ठेवला आहे. इतकी वर्षं एकही धडा चुकवलेला नाही! अख्ख्या केंद्रात एवढा नियमित विद्यार्थी दुसरा नाही. मी कंप्युटरवर पाहिलं."

"ते लाजाळू आहेत."

"शेतकरी लाजाळूच पाहिजे. फोटो चांगला येतो. गाडी पाठवू आपण खाप्याला. सुरुची, तुझ्या बाबांना घर दाखवायला सांग."

"सांगते सर," सुरुची म्हणाली आणि तिनं गणपतरावांकडे पाहिलं. गणपतराव पंख्याकडे पाहत होते.

घरी येईपर्यंत त्यांनी सगळे मार्ग तपासले. दुसरं सिमकार्ड घेतलं असतं तर पोर्टल फसलं असतं. सुरुचीचे बाबा फसले नसते. खरं सांगून टाकावं, तर सुमंत हसले असते, मग ऑफिस हसलं असतं, आणि ते सोसलंही असतं. पण हसून झाल्यावर त्यांनी चंपतरावांना काढून टाकलं असतं. टाकाऊ सामान काढतात तसं.

जुनं पोर्टल अजून दोन दिवस चालू राहणार होतं. दिवा लावून झाल्यावर गणपतरावांनी ते उघडलं. चंपतरावांनी विचारलं, 'सर, आमाले काहून नाई नेऊन राह्यले तिकडं?'

गणपतरावांनी आपल्या नावानं उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, खोडलं. मग संगणक तसाच उघडा ठेवून ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी भात कुकरला लावला. दोघांपुरता लागला होता, हे शिट्टी झाल्यावर लक्षात आलं.

सकाळी त्यांनी सुरुचीला फोन केला.

"चंपतराव गेले."



"कधी सर?"

"काल. संध्याकाळी."

"काय झालं होतं?"

गणपतरावांनी रात्रीच ठरवलं होतं. विहीर हाताशी होती, पण चंपतरावांना त्यांच्याच विहिरीत ढकलायला मन घेईना.

"हार्ट. बसल्या जागी."

"दवाखान्यात नाही आणलं?"

"वेळच मिळाला नाही," गणपतराव म्हणाले. खिडकीखालून एक अॅम्ब्युलन्स गेली. ती पुढच्या वळणावर जाऊन थांबली.

"मी कळवते सुमंत सरांना," सुरुची म्हणाली. "तुम्ही काही खाल्लं काय?"

सुमंतांनी कार्यक्रमात फारसा बदल केला नाही. शालीऐवजी हार मागवला. चंपतरावांचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून अभ्यासक्रमातल्या एका विहिरीचं चित्र पडद्यावर दाखवलं आणि पडद्याखालच्या टेबलावर हार ठेवला. शनिवारी केंद्राच्या सभागृहात तीसेक माणसं त्या विहिरीसमोर उभी राहिली. दोन मिनिटं मौन झालं.

पहिलं मिनिट गणपतरावांना फार कठीण गेलं, कारण त्यांना हसू येत होतं. विहिरीखाली हार, विहिरीला श्रद्धांजली. हे चंपतरावांना सांगितलं तर ते काय म्हणतील, हे त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. आणि मग ते सांगायचं कुणाला, हे लक्षात आलं. दुसऱ्या मिनिटात त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला, तरी झालाच.

सुमंत जवळ आले. "फार जवळचे होते?"

"रोजचं बोलणं होतं," गणपतराव म्हणाले.

नव्या पोर्टलवरचा पहिला संदेश श्रद्धांजलीचा पडला. संध्याकाळपर्यंत त्याखाली माणसं जमली. वर्षानुवर्षं गप्प असलेली माणसं. कामिनी नावाच्या एका मुलीनं लिहिलं, की ती आता पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर आहे. 'काका सरांशी भांडायचे आणि सर रागवायचे नाहीत, हे पाहून मी पहिल्यांदा शंका विचारली होती.' जयवंता म्हणून एक बाई होत्या, त्यांनी लिहिलं, 'माझ्या विहिरीले पाणी लागलं ते चंपतभाऊले सांगायचं राहूनच गेलं.' आणखी कुणी लिहिलं होतं, कुणी नुसते हात जोडले होते. चर्चेचं पान एवढं भरलेलं गणपतरावांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. जयवंताबाईंना उत्तर देणं भाग होतं, पण ते गणपतरावांनी द्यायचं नव्हतं. ज्यांनी द्यायचं त्यांचं नाव जुन्या यादीबरोबर आलं होतं, पण करड्या रंगात. त्यावर माउस नेला की 'निष्क्रिय' असं येई.

नंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. नवं पोर्टल वेगवान होतं, आकृत्या परत आल्या होत्या, पाणी पुन्हा जमिनीतून येऊ लागलं होतं. श्रद्धांजली वाहून माणसं आपापल्या कामाला लागली, हेही रीतीनुसारच झालं. गणपतराव दिवा लावून संगणकापुढे बसत. त्यांच्याजवळ उत्तरं पुष्कळ होती.

एका दुपारी दाराची घंटा वाजली.

"वरचा मजला, डाव्या हाताला," गणपतराव दार उघडता उघडता म्हणाले.

"मले काय झालं? हाडं चांगली आहेत माझी," सुरुची म्हणाली. तिच्या एका हातात मोठा डबा होता, दुसऱ्या हातात पिशवी. चपला काढून, कुणी या म्हणायची वाट न पाहता ती आत आली आणि तिनं डबा टेबलावर ठेवला.

"पोर्टलचं काही राहिलं का?"

"नाही सर. सुट्टी टाकली आज." ती खुर्चीवर बसली. "तेरवी आहे ना चंपतरावांची."

गणपतराव उभेच राहिले. त्यांनी हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तेरवीचं जेवण एकट्यानं जेवत नाहीत," सुरुची पिशवी सोडत म्हणाली. "बाबांनी वांगी पाठवली. नदीकडचीच आहेत."

गणपतरावांनी विचारलं, "बाबांना विचारलं होतंस तू? त्यांच्याबद्दल?"

"विचारलं ना. त्याच दिवशी."

"काय म्हणाले?"

सुरुचीनं डब्याचं झाकण उघडलं. भरल्या वांग्याचा वास खोलीत पसरला.

"म्हणाले, पाहिला नाही कधी. पण माणूस चांगला असन."

गणपतरावांनी मान हलवली. खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला तरी पत्ता सांगत होतं. सुरुची डब्याचे थर एकेक करून मांडत होती. वर पाहत नव्हती.

"तिखट चालायचं काय त्यांले?" तिनं विचारलं.

"फार," गणपतराव म्हणाले. "वरून ठेचा लागायचा. सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. मी म्हणायचो, चंपतराव, या वयात..."

ते थांबले. सुरुची ऐकत होती. मग ते पुढे बोलू लागले, आणि बोलत बोलतच स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरून भांडी काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तीन ताटं होती.

"आधी त्यांचं वाढू," सुरुची म्हणाली, आणि तिनं टेबलावर जागा केली.