जावईबापूंचं डिझेल वाचवायचं यंत्र

आमच्या घरात जावयाला कुणी 'नाही' म्हणत नाही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण पाळायचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं. जावई म्हणाले पंखा नको, की आम्ही घाम पुसत बसायचं. जावई म्हणाले चहात साखर कमी, की सगळ्यांच्याच कपात कमी. माझी जीभ मुळातली तिखट. नवरा, शेजारीण, गादी कारखान्याचा मॅनेजर, कुणाचीच मी भीडभाड ठेवत नाही. पण लेकीचं लग्न झाल्यापासून जावयापुढे मी तोंड शिवून बसलेली. लेकीनंच बजावलं होतं, "आई, त्यांना काही बोलू नकोस हं. ते मनाला लावून घेतात."

तर हे मनाला लावून घेणारे जावईबापू एका सकाळी खोकं घेऊन आले. खोक्यात बांगडीएवढं एक कडं, दोन तुकड्यांत उघडणारं, आत चुंबक आणि वायरच्या टोकाला हिरवा दिवा. हे डिझेलच्या पाइपाला बाहेरून बसवायचं म्हणे.

"डिझेलचे कण विस्कटलेले असतात, बाबा," जावई आमच्या यांना समजावत होते. "ह्यातून जाताना ते एका ओळीत येतात. मग सगळंच्या सगळं जळतं. शंभराचं काम ऐंशीत होतं. कंपनी इथली एजन्सी द्यायला तयार आहे मला."

शाळेतली पोरं एका ओळीत येत नाहीत, डिझेल कुठलं येतंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी चहाबरोबर गिळलं. आमचे हे मात्र मान डोलवत म्हणाले, "वा! आमच्याच गाडीवर बघू की."

आमची गाडी म्हणजे डिझेलचा टेम्पो. कारखान्यातून गाद्या उचलायच्या आणि दुकानादुकानांत पोचवायच्या. गाडी हे चालवतात, चलनावर दुकानदाराची सही घ्यायचं आणि हुज्जत घालायचं काम माझं. उभी हयात मी त्या केबिनमध्ये गिअरशेजारी बसून काढली आहे. यांचं गाडी चालवणं म्हणजे भांडणच. सिग्नल सुटला की दाबला पाय, पुढचा लाल दिसला की कचकन ब्रेक. त्यांच्या आधी माझेच पाय खालच्या पत्र्यावर ब्रेक मारत असतात. एरवी आमची गाडी लिटरला अकरा किलोमीटर देते आणि त्याचा दोष हे पंपवाल्याला देतात.

यंत्र बसवलं, दिव्याची वायर केबिनमध्ये ओढून घेतली. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. दिवसभर गाद्या पोचवून परत त्याच पंपावर यायचं, टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि जेवढं मावेल तेवढं जळलं असं धरायचं, असा जावयांचा हिशेब. त्यांनी रजा काढली होती. खिडकीशी बसून ते हिरव्या दिव्याकडे असे बघत होते, जणू तो दिवा नव्हे, पाळण्यातलं लेकरू आहे.

दोनच दुकानं झाली असतील, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझे पाय स्वस्थ आहेत. ब्रेकच मारत नाहीयेत. मी यांच्याकडे पाहिलं. स्वारी नव्या नवरीसारखी चालली होती. लाल दिवा लांबून दिसला की पाय उचलून गाडी आपली आपण जाऊ द्यायची. चढाला वेळेवर गिअर. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं तरी चकार शब्द नाही!

संध्याकाळी पंपावर आकडा निघाला. तेरा, आणि वर थोडं. जावयांनी दोनदा गुणाकार-भागाकार केला. यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा तुमच्या यंत्राला!"

घरी आल्यावर मी यांना स्वयंपाकघरात गाठलं. "यंत्राला मानलं की स्वतःच्या पायाला?"

हे हसले. "अगं, एवढ्या हौसेनं आणलंय त्यांनी. नाही चाललं तर हिरमोड होईल. जरा हळू चालवली, काय बिघडलं?"

काय बिघडलं ते पाचच मिनिटांत कळलं. बाहेरच्या खोलीत जावई फोनवर लेकीला सांगत होते, "झालं, नक्की झालं. सोमवारी राजीनामा देतो."

माझ्या हातातली किटली ओट्यावर आदळली. जावई मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढतात. नोकरी कायमची, आणि राहायला दवाखान्याच्याच आवारात दोन खोल्या. राजीनामा दिला की त्या खोल्या गेल्या. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेले. बाळ जन्माला घालून ती कुठे जाणार, चुंबकाच्या खोक्यात?

जावई गेल्यावर मी यांना धरलं. "हात दाखवून अवलक्षण केलंत! आता जा आणि सांगा त्यांना, मी मुद्दाम हळू चालवली म्हणून."

यांचा चेहरा उतरला. "कसं सांगू? माझी काय अब्रू राहील? आणि त्यांची?"

"अब्रूला छप्पर नसतं," मी म्हटलं. "माझ्या पोरीला लागणार आहे."

हे फोन हातात घ्यायचे, परत ठेवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तीस वर्षं रस्त्यावर ट्रकवाल्यांशी भांडलेला माणूस जावयाला एक वाक्य सांगू शकत नव्हता. खरं तर मलाही जमत नव्हतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

शेवटी मीच फोन लावला. "जावईबापू, आकडा छान आला. पण गिऱ्हाइकाला दाखवायचं तर यंत्राशिवायचा आकडाही लागेल ना? उद्या यंत्र काढून त्याच रस्त्यानं जाऊ. सोमवारच्या आत होऊन जाईल."

मला वाटलं, ते दुखावतील. पण ते लगेच म्हणाले, "हो, हो आई. जाऊच." इतक्या घाईनं म्हणाले की मलाच चमत्कारिक वाटलं.

दुसऱ्या दिवशी तोच पंप, तोच रस्ता, तशाच गाद्या. कडं रुमालात गुंडाळून जावयांच्या मांडीवर. आमचे हे सुरुवातीला बरे चालले. पण हमरस्ता लागला आणि यांच्या मनात काय आलं ते मला त्यांच्या गुडघ्यावरून कळलं. पाय खाली, इंजिन बोंबलायला लागलं. जावयाचं यंत्र जिंकावं म्हणून हा माणूस आता डिझेल जाळायला निघाला होता! एकदा खोटं केलं ते पुरलं नव्हतं, आता दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं.

"अहो," मी म्हटलं, "काल चालवलीत तशीच चालवा."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं बोलले यांना आणि ऐकत होते जावई. यांचे कान लाल झाले. पाय हळूच वर आला. जावई खिडकीबाहेर बघत राहिले. दुकानांत गाद्या उतरवल्या, मी सह्या घेतल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकाही दुकानदाराशी भांडले नाही. भांडायला जीव कुठे होता? यांची लबाडी कळून जावई रागावले तर लेकीवर राग निघेल, आणि नाही कळली तर सोमवारी राजीनामा पडेल.

पंपावर टाकी भरली. जावयांनी आकडे मांडले, पुसले, परत मांडले.

"तेरा," ते म्हणाले. "आणि वर थोडं. कालच्यापेक्षा किंचित जास्तच."

पंपवाला नळी अडकवून गेला. हे खाली उतरले, रुमालानं तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, काल मी... म्हणजे मी एरवी अशी चालवत नाही. तुमचा हिरमोड नको म्हणून जरा सांभाळून चालवली. यंत्रानं काही केलं नव्हतं. चूक माझी आहे."

जावई हवा भरायच्या मशिनजवळच्या कट्ट्यावर मटकन बसले. मला वाटलं, आता रडतात की काय. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलायला लागले. मी धावत गेले. बघते तर माणूस हसतोय!

"सुटलो," ते म्हणाले. "आई, सुटलो मी."

"सुटलात? कशातून?" मी विचारलं.

"आठवडाभर झोप नाही मला," ते म्हणाले. "कंपनीच्या एजंटनं हॉलमध्ये सभा भरवून टाळ्या वाजवून घेतल्या, एजन्सी कोण घेणार विचारलं, मी भारावून हात वर केला. मग दवाखान्यात सगळ्यांना सांगून बसलो. आता मागे कसं फिरायचं? वाटायचं, कुणीतरी अडवेल. हिला सांगितलं, ती म्हणाली तुम्हाला योग्य वाटेल ते करा. बाबांना सांगितलं, ते म्हणाले वा. तुम्हाला सांगितलं, तुम्ही चहा दिलात." त्यांचं हसू थांबलं. "मला वाटलं, ह्या घरात मी बुडालो तरी हे लोक मला मानानंच बुडू देतील. पाण्यात पडलो तरी कुणी 'अहो जावईबापू' म्हटल्याशिवाय हात द्यायचं नाही."

ते वाक्य मला जिव्हारी लागलं. खरंच होतं ते. एवढा मान दिला आम्ही, पाटावर बसवून ठेवलं, आणि माणूस घाबरलाय हे एकालाही दिसलं नाही. आपल्या पोटच्या पोरानं असं खोकं आणलं असतं तर त्याला उंबरा तरी ओलांडू दिला असता का मी?

"राजीनामा लिहिलाय?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून घडी काढली. मी ती घेतली, चार तुकडे केले आणि पंपाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग कमरेवर हात ठेवले. इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"अरे गाढवा!" मी ओरडले. "अक्कल कुठे गहाण टाकलीस? एक्स-रे काढतोस ना लोकांचे? मग स्वतःच्या डोक्याचा एक काढून बघ, आत काही आहे का! बायकोचे दिवस भरत आलेत आणि हा चुंबक विकायला निघालाय! आणि झोप येत नव्हती तर मला येऊन सांगायला काय धाड भरली होती? तोंड नव्हतं तुला?"

डिझेल भरायला थांबलेले दोन ट्रकवाले माना वळवून बघू लागले. आमचे हे घाबरून माझा हात ओढत होते. "अगं, जावई आहेत ते! अगं, रस्त्यात!"

जावई उठून उभे राहिले. डोळे ओले, पण चेहऱ्यावरचा ताण पार गेलेला. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

"थांबवू नका त्यांना, बाबा," ते म्हणाले. "अजून असेल तर ऐकायचंय मला."

अजून होतं. घरी पोचेपर्यंत पुरलं.