पोलित या शब्दाची कैफियत

मित्रांनो, मी नुसता एक शब्द आहे, पण वयाने तुमच्या साऱ्या पणज्यांहून मोठा. माझा जन्म लॅटिन भाषेतला. दगड घासूनपुसून चकचकीत केला की रोमन लोक माझं नाव घेत. पुढे आम्ही भावंडं पांगलो. एक फ्रेंच भाषेत गेला, तिथे त्याचा अर्थ 'सभ्य' झाला. एक स्पॅनिशमध्ये राहिला. मी उत्तर स्पेनच्या डोंगरातल्या बास्क लोकांकडे आलो. त्यांच्या भाषेचं कुणाशीच नातं नाही, तरी तिने मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पोलित म्हणजे देखणं, गोड. वासराला, सफरचंदाच्या मोहराला, तान्ह्या बाळाला मी शोभायचो.

होशेपा नावाची एक शेतकरीण रोज लेकीची वेणी घालताना म्हणायची, "पोलिता माझी!" त्या घरात माझे फार लाड झाले.

मग स्पेनमध्ये हुकूमशाहीचे दिवस आले आणि शाळेत बास्क बोलायला बंदी झाली. शाळेत बास्क बोलणाऱ्याच्या हातात एक अंगठी द्यायचे. दुसरं कुणी बास्क बोललं, की ती त्याच्याकडे जायची. शनिवारी ती ज्याच्याकडे सापडेल, त्याला छड्या.

त्या शनिवारी अंगठी मारिचूकडे होती. होशेपाच्या लेकीची, कोन्चेसीची, ती जिवलग मैत्रीण. घंटा व्हायला आली तशी मारिचूने केसांतली लाल फीत पुढे ओढली आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, "कशी दिसतेय गं?"

"पोलिता!" कोन्चेसी बोलून गेली.

"घे, आता तुझी." मारिचूने अंगठी तिच्या मुठीत कोंबली आणि मान फिरवली.

बाईंनी छडी उचलली. "रानटी कुठली! सभ्य माणसांच्या भाषेत बोल!"

मित्रांनो, बाईंची स्पॅनिश लॅटिनचीच लेक. मी त्यांच्याच घरातला होतो. पण शब्दाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. दहा छड्या मी मुकाट ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी होशेपा फणी घेऊन बसली. "ये गं, पोलिता..."

"आई, तसं म्हणू नकोस! स्पॅनिशमध्ये बोल नाहीतर बोलूच नकोस."

होशेपाला स्पॅनिश येत नव्हती. तिने लेकीचे सुजलेले हात पाहिले आणि फणी तिच्या केसांत घातली. पुढली कितीतरी वर्षं त्या घरात वेणी मुक्यानेच घातली गेली.

कोन्चेसीच्या लग्नाच्या सकाळी होशेपाने तिची ओढणी नीट केली. मी तिच्या ओठांपर्यंत आलो होतो. शपथेवर सांगतो, आलो होतो. तिने मला गिळलं आणि बाजारात कानावर पडलेला एक स्पॅनिश शब्द चाचपडत उच्चारला. "बिएन."

म्हणजे, ठीक आहे.

कोन्चेसीने मान डोलावली आणि ती गाडीत बसली.

आज ती हुकूमशाही सरली आहे, मी शाळेच्या पुस्तकात छापलेला असतो, पोरं मला दहा-दहा वेळा लिहितात. मित्रांनो, मला वहीत जपू नका. ज्याला म्हणायचं आहे, त्याला आजच म्हणा. होशेपा तर गेलीसुद्धा.