चौथ्या प्रकरणातला आनातोल

रविवारी दुपारी फाटकाशी हाक आली. “ओने!”

आतून ‘रेस्पे’ अशी ओ आल्याशिवाय आमच्या जाकमेल गावात कुणी दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकत नाही. म्हणून मी गप्प बसले. आई गेल्यानंतरची शेवटची प्रार्थना नुकतीच आटोपली होती, आल्याच्या चहाची पातेली अजून मोरीत पडली होती. मला वाटलं, थोडा वेळ थांबतील आणि जातील.

“ओने!” पुन्हा. आणि मग तांत क्लेमान्सचा, म्हणजे क्लेमान्समावशीचा, खास आवाज, “रोझलोर, तुझ्या चपला पायरीवर दिसतायत. आम्ही उन्हात उभ्या आहोत.”

“रेस्पे,” मी म्हणाले.

तिघी आत आल्या, डोक्यावर आपापली खुर्ची घेऊन. पुढे तांत क्लेमान्स. ती आमच्या शेजारी राहते, कोपऱ्यावर केळी तळून विकते आणि मला लहानपणापासून रागावत आली आहे. तिच्यामागे शिवणकाम करणारी लुनिझ. सगळ्यांत शेवटी मादाम इझमेनी. तिचा मुलगा विल्नेर एका रात्री बोटीत बसून गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. पोचल्याचा निरोप नाही, बुडाल्याचाही नाही.

त्या कशासाठी आल्या हे मला ठाऊक होतं. आई, सगळ्या गावाची ‘मिस’, शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून दर रविवारी ओसरीवर पुस्तक वाचायची. पुस्तकं मी मॉन्ट्रियलहून पाठवायची, आपल्याच माणसांनी लिहिलेली, काही इथे बसून, बरीचशी परदेशात. ती फ्रेंचमध्ये असत. आई पानावर फ्रेंच बघायची आणि तोंडाने आमची घरातली क्रेओल बोलायची. मग रात्री फोनवर मला निरोप यायचा: लुनिझचं म्हणणं आहे की या बाईने नवऱ्याला पहिल्याच प्रकरणात सोडायला हवं होतं, उगाच दोनशे पानं गेली. क्लेमान्स विचारते आहे, या लेखकाच्या पुस्तकात कुणी कधी जेवत कसं नाही? मी ग्रंथालयात काम करते, पुस्तकांवरचे लेख ढिगाने वाचते. त्यातला एकही मी जपून ठेवलेला नाही. आईचे निरोप सगळे आहेत.

“वाच,” खुर्ची टेकवून तांत क्लेमान्स म्हणाली. “मिस अर्ध्यावर सोडून गेली. आम्ही काय असंच लटकत राहायचं?”

“तांत, मला तिच्यासारखं जमणार नाही.”

“ते आम्ही ठरवू. तू वाच.”

आईच्या उशाशी पुस्तक होतं, खुणेला निळ्या कापडाची पट्टी. मयामीत राहणाऱ्या एका लेखिकेची कादंबरी. मी ती पाठवण्यापूर्वी वाचली होती. किनाऱ्यावरच्या गावातला आनातोल बोटीने निघतो आणि चौथ्या प्रकरणात बुडतो. उरलेलं सगळं पुस्तक त्याच्या आईचं आहे. पाठवताना मला विल्नेर आठवला नव्हता असं नाही. पण मी ते आईसाठी पाठवलं होतं. ती रविवारी हेच काढेल असं वाटलं नव्हतं.

मी खूण काढली. पानावर गाव आनातोलचा सदरा रिकाम्या पेटीत ठेवून ती पेटी पुरत होतं.

“आता त्याचे बूट आले का?” लुनिझने विचारलं.

“कुणाचे?”

“आनातोलचे. बर्फातले. मागच्या वेळी त्याने पैसे साठवले होते ना.”

मी पान पाहिलं. मग मागचं पाहिलं. बूट कुठेच नव्हते, बर्फही नव्हता. वर पाहिलं तर मादाम इझमेनी हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट बघत होती.

मला एवढं कळलं की आईने त्याला बुडू दिलेलं नाही. आता हे पान जसंच्या तसं वाचलं, तर मी त्या बाईसमोर तिच्या मुलाची पेटी पुरणार होते.

“बूट आले,” मी म्हणाले. “काळे. त्याने ते घातले आणि तो... बाहेर गेला. बाहेर खूप थंडी होती.”

लुनिझ खुर्ची पुढे सरकवून बसली.

“मग तो दुकानात गेला. दुकानात त्याने... भात घेतला.”

“शिजवलेला?” तांत क्लेमान्सने विचारलं.

“तांदूळ.”

“पोरी, मिस अशी अडखळत नव्हती. खोटंच वाचायचं तर नीट तरी वाचावं.”

लुनिझ तोंडावर हात ठेवून हसली. मी पुस्तक मिटलं. माझे कान तापले होते. तेवढ्यात मादाम इझमेनी बोलली. ती इतकं हळू बोलते की बाकीच्यांना गप्प व्हावंच लागतं.

“तो बुडालाय ना?”

मी होकाराची मान हलवली.

“तेव्हाच कळलं होतं. तुझ्या आईने तीन-चार पानं एकदम उलटली आणि डोळे पुसले. घाम आलाय म्हणाली. मग आनातोल समुद्रापार नासाउ बंदरात सुखरूप उतरला.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तिला त्याला मारवेना. म्हटलं, असू दे, वाचू दे तिला. आधी त्याला बेकरीत लावला, मग बांधकामावर. शेवटी मॉन्ट्रियलला नेऊन बसवला.”

“ग्रंथालयात,” लुनिझ म्हणाली. “गाडीवरून पुस्तकं नेतो आणि फळीवर लावतो.”

“भिंतीतला तापता लोखंडी पाइप रात्री ठोकल्यासारखा वाजतो, म्हणून त्याला झोप येत नाही,” तांत क्लेमान्स म्हणाली. “संध्याकाळी सूप करतो आणि खिडकीशी उभा राहून पितो. एकट्यासाठी टेबल कशाला मांडायचं, म्हणतो. चांगलं ताट समोर घेऊन बसावं की नाही माणसाने?”

पाइपाबद्दल मी आईला एकदाच सांगितलं होतं, गमतीत. सूपाबद्दल कधी सांगितल्याचं आठवत नाही. फोनवर बोलताना चमच्याचा आवाज ऐकून तिने ओळखलं असावं.

मी उठून आत गेले आणि कॉफी ठेवली. पाणी उकळेपर्यंत चुलीकडे बघत उभी राहिले. बाहेर तिघी आनातोलने लग्न करावं की नाही यावर भांडत होत्या.

कॉफी घेऊन आले तेव्हा मादाम इझमेनीने पुस्तक हातात घेतलं होतं. तिला वाचता येत नाही. तिने ते माझ्यापुढे धरलं.

“आता लिहिलंय तसं वाच. तो बुडतो तिथून.”

“मादाम इझमेनी, नको.”

“मिसला जमलं नाही, ते ठीक. पण पुरं तर व्हायला हवं.”

मी चौथं प्रकरण काढलं. फ्रेंच बघितलं आणि क्रेओल बोलले. सुरुवातीला शब्द सापडत नव्हते, मग सापडू लागले. बोट रात्री निघाली, वारा फिरला, आनातोलने शेजारच्या मुलीला आपली दोरी दिली. मध्येच तांत क्लेमान्सने हात वर केला.

“महिना कोणता?”

“सप्टेंबर.”

“सप्टेंबरात, वादळाच्या दिवसांत, कोण बोट काढतं? ही बाई फार वर्षं मयामीत राहिली आहे. आनातोल समुद्रामुळे नाही मेला, तिच्यामुळे मेला.”

“गप्प बसा हो, दोरी कुणाला दिली ते ऐकू द्या,” लुनिझ म्हणाली.

प्रकरण संपलं. तांत क्लेमान्सने पेल्यातले तीन थेंब जमिनीवर सांडले, मेलेल्यांसाठी सांडतात तसे. “आनातोल,” ती म्हणाली. लुनिझनेही सांडले. मी मादाम इझमेनीकडे बघायचं टाळत होते, पण बघितलंच. तिनेही पेला कलता केला, थेंब पडू दिले आणि तेच नाव घेतलं. मग आणखी थोडी कॉफी सांडली आणि माझ्या आईचं नाव घेतलं. उरलेली पिऊन टाकली.

“बस?” तांत क्लेमान्सने जरा सांभाळून विचारलं.

“बस. तो पुस्तकातला होता. त्याचं पान लिहिलंय, म्हणून तो मेला.” तिने पेला खाली ठेवला. “विल्नेरचं अजून कुणी लिहिलेलं नाही.”

तिच्या आवाजात हट्ट नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलली.

“त्या लेखिकेला निरोप पाठव,” तांत क्लेमान्स म्हणाली. “फोन काढ, मी बोलते. सप्टेंबरचं सांगायलाच हवं. आणि लिहितेस चांगलं, हेही सांगते. नाहीतर रागावेल.”

मी फोनवर रेकॉर्डिंग लावून दिलं. ती बराच वेळ बोलली. लुनिझने मध्ये तोंड घालून दोरीचं कौतुक केलं. शेवटी मादाम इझमेनी फोनजवळ वाकली. “मुलीला दोरी दिली ते बरं केलंत,” एवढंच म्हणाली.

“किती राहिलंय अजून?” निघताना लुनिझने विचारलं.

“निम्म्याहून जास्त. पण गुरुवारी माझं विमान आहे.”

“मग तिकडून फोनवर वाच,” तांत क्लेमान्स म्हणाली. “रविवारी, याच वेळेला. आणि ताट मांडून जेवून घेत जा आधी. उपाशी माणसाचं वाचणं ऐकवत नाही.”

“घराची एक किल्ली तुमच्याकडे देऊन ठेवते, तांत.”

“दे. पण आम्ही फाटकातून ओने म्हणणार. तू फोनवरून ओ दे, मग आत येऊ.”

त्या हात हलवत फाटकाबाहेर पडल्या. मी पेले गोळा करायला वळले तेव्हा पाहिलं, खुर्च्या ओसरीवरच होत्या. तिन्ही, आईच्या खुर्चीकडे तोंड करून.