भोंगा

पुलगावच्या दारूगोळा डेपोत गुलाबने एकतीस वर्षं पेट्या उचलल्या. काडेपेटी आणि बिडीचं बंडल फाटकावर जमा करायचं, झडती द्यायची, मगच आत. बाहेर दिवसाला दोन बंडलं फुंकणाऱ्या या गड्याला आत आठ तास बिडीची साधी आठवणही येत नसे. म्हणूनच निवृत्तीनंतर डॉक्टरने छातीचा फोटो पाहून बिडी बंद म्हटलं, तेव्हा तो हसला होता. त्यात काय एवढं?

बिडी सोडून आज बारावा दिवस होता. जेवण मातीसारखं लागत होतं, आणि सकाळीच त्याने भरला कप भिंतीवर फेकला होता. दुपारी तो उठून घराच्या उंबऱ्याबाहेर गेला आणि हात वर करून उभा राहिला.

"झडती घे माही," तो बायकोला म्हणाला. "मंग आत सोड."

कमलाला सगळं समजलं. तिने त्याचे खिसे चाचपले, पायजम्याचा नेफाही पाहिला. "काई नाई. जा आत."

तो खाटेवर बसला आणि घड्याळाकडे पाहू लागला. पाच वाजले. साडेपाच झाले. घामाने बनियन अंगाला चिकटली, तरी त्याची नजर काट्यांवरून हलेना.

"आता कसं वाटून राह्यलं तुमाले?" कमलाने दारातूनच विचारलं.

"तिथं पाचले सुट्टीचा भोंगा वाजे, कमला," तो म्हणाला. "इथं कवा वाजन?"