आधी उजवीकडे

सरकारने एका रविवारी रस्त्याची बाजू बदलली. शनिवारपर्यंत सगळी वाहतूक डावीकडून चालायची, रविवारी सकाळी सहापासून उजवीकडून. शेजारच्या देशांत म्हणे तसंच आहे, व्यापाराला सोयीचं पडतं, वगैरे वगैरे. कागदावरची रेघ इकडची तिकडे केली की झालं! ती रेघ मारणाऱ्यांपैकी एकाने तरी जन्मात बस चालवली असेल तर शपथ.

उस्तादने चालवली होती, एकतीस वर्षं. डेपोत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. साहेबापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचा तो उस्तादच. नव्या पोरांना स्टिअरिंग धरायला शिकवलं ते त्यानेच. आणि आता त्याच उस्तादची झोप उडाली होती.

नव्या बसगाड्या आल्या. त्यांचं स्टिअरिंग डावीकडे, दारं उजवीकडे आणि गिअर उजव्या हाताला. एकतीस वर्षं डाव्या हाताने गिअर टाकलेला माणूस! सवयीने डावा हात खाली जायचा आणि खिडकीखालच्या पत्र्यावर आपटायचा. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात बोटांची सालटी निघाली. त्यात डेपोने नियम काढला: बाजू बदलल्यावर तीन आठवडे प्रत्येक गाडीत परीक्षक बसणार, चूक झाली की वहीत फुली मारणार. तीन फुल्या झाल्या की चालक कायमचा खाली. मग बसा डेपोत गाड्या धूत.

उस्तादने त्याआधीचे दोन महिने घर डोक्यावर घेतलं होतं. घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं. पातेल्यावरचं झाकण हातात धरून खुर्चीत बसायचा आणि उजव्या हाताने हवेत गिअर टाकायचा. जिना उजवीकडून उतरायचा, आणि वर येणाऱ्या शेजाऱ्यांना धडकून त्यांच्याच नावाने ओरडायचा. एवढंच काय, पलंगावरची बाजूही बदलली आणि बायकोला भिंतीकडे सरकवलं.

"अहो, झोपेत कुठली वाहतूक येतेय?" बायको हसून म्हणाली.

"तुला काय कळणार! इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"बरं बाई, मी भिंतीकडे."

बायको शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर बसवायच्या कामाला होती. लग्न होऊन ती या शहरात आली तेव्हा तिने गाड्यांचा रस्ता असा कधी ओलांडलाच नव्हता. फुटपाथच्या कडेला उभी राहून रडायची. उस्तादने महिनाभर तिचं मनगट धरून तिला शिकवलं. "आधी उजवीकडे बघ. मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. आधी कुठे?" "उजवीकडे." रोज सकाळी ती कामाला निघाली की तो आतून विचारायचा, "आधी कुठे?" आणि ती जिन्यातून ओरडायची, "उजवीकडे, उजवीकडे!" पुढे पुढे तो नुसता निरोप घेण्याचाच प्रकार झाला होता. गेल्या दोन महिन्यांत मात्र उस्तादला एवढी फुरसत कुठली? तो झाकण फिरवण्यात गुंग असायचा आणि ती गुपचूप निघून जायची.

बाजू बदलल्यावर पहिल्याच दिवशी उस्तादने माती खाल्ली. डेपोतून निघताना गाडी थेट जुन्या बाजूला घातली. फुली. दुसऱ्या आठवड्यात तर लाजच गेली. थांब्यावर सवयीने गाडी डाव्या फुटपाथला नेऊन लावली, दार उघडलं आणि एक आजोबा भर रस्त्यात उतरले. नशिबाने मागून कुणी नव्हतं. कंडक्टरने त्यांना काखेत धरून आत ओढलं. दुसरी फुली. त्या रात्री उस्तादला जेवण गेलं नाही.

आता तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. आजची पाळी धड पार पडली की सुटका.

परीक्षक बाई मागच्याच सीटवर बसली होती. वयाने धाकटी, पण शिस्तीची पक्की; उस्तादच्याच हाताखाली शिकलेली.

"उस्ताद, घाबरू नका," ती म्हणाली. "फक्त गाडी उगाच कुठे थांबवू नका. थांबा नाही, सिग्नल नाही, तिथे थांबलात तर मला लिहावंच लागेल. काल एक असाच थांबला आणि मागून तीन गाड्या एकमेकींवर चढल्यात."

"माहीत आहे मला," उस्ताद तोऱ्यात म्हणाला.

गाडी सुरेख चालली होती. हात आपसूक गिअरवर जात होता. वळणं बरोबर, थांबे बरोबर. पावणेदहाला गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागली आणि उस्तादला उजव्या फुटपाथवर, गल्लीच्या तोंडाशी, बायको दिसली. तीच निळी कापडी पिशवी. कारखान्याचं फाटक समोरच्या बाजूला होतं.

ती अजून फुटपाथवरच होती. रस्त्यात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. गाडी तिच्या डावीकडून येत होती, अजून थोडी लांब होती, रस्ता मोकळा होता. कुणीही चालक सरळ निघून गेला असता. पण उस्तादचा पाय ब्रेककडे गेला. ती कुठे बघणार हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

मागच्या आरशात नजर टाकून त्याने ब्रेक दाबला. उभे प्रवासी एकमेकांवर कलले, कुणीतरी शिवी हासडली. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"का थांबलात?" परीक्षक बाई उठून उभी राहिली. "उस्ताद, इथे काहीच नाहीये!"

तेवढ्यात बायकोने उजवीकडे बघितलं. रस्ता रिकामा. ती झपाझप खाली उतरली, उभ्या बसच्या नाकासमोरून चार हातांवरून गेली, आणि मग कुठे तिने डावीकडे मान वळवली. एवढी मोठी बस बघून ती जागीच थिजली. काचेतून नवरा दिसला. पिशवी छातीशी घट्ट धरून ती पलीकडे पळाली.

परीक्षक बाई खाली बसली. मग हळू आवाजात तिने विचारलं, "त्या उतरणार हे तुम्हाला कसं कळलं?"

"मीच शिकवलंय तिला."

बाईने वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

"फुली मार," उस्ताद म्हणाला. "उद्या दुसरा कुणी असाच थांबला तर त्याला तू काय सांगणार?"

तिसरी फुली पडली. संध्याकाळी गाडीची किल्ली कायमची परत देऊन उस्ताद थेट कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. बायको बाहेर आली. म्हणे आज चार कॉलर उलट्या बसल्या.

"चौकाचौकात फलक लावलेत," तो तिच्या अंगावर ओरडला. "डावीकडे बघा म्हणून! वाचता येतं ना तुला?"

"वाचले की! सगळे वाचले!" तीही भडकली. "वाचून मान वळते का? तुम्ही दोन महिने झाकण फिरवत होतात. माझ्यासाठी कुणी काय फिरवलं?"

उस्तादचा राग खर्रकन उतरला. दोन महिने एका घरात, एका पलंगावर, तो एकटाच शिकत होता. हिला सांगायचं राहूनच गेलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चल, आता मला वेळच वेळ आहे. किल्ली परत केली मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आले तिचे. त्याने पूर्वीसारखं तिचं मनगट धरलं आणि दोघं फुटपाथच्या कडेला आली.

"आधी कुठे?" त्याने विचारलं.

"डावीकडे."

"शाब्बास."

आणि दोघांनीही उजवीकडे बघून पाऊल टाकलं. डावीकडून कर्कश हॉर्न वाजला, टेम्पो अंगाला वारा लावून गेला. तिने त्याला शर्टाला धरून मागे खेचलं.

"तुम्ही तर शिकला होतात ना?" ती धापा टाकत म्हणाली.

"गाडीत शिकलो गं. पायी कुठे शिकलो!"

रस्ता मोकळा झाला, पुन्हा भरला, पुन्हा मोकळा झाला. एकमेकांचं मनगट धरून दोघं डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे बघत राहिली, आणि कुणाचाच पाय उचलेना.