मिठाची राखण

"आन् ह्या मिठाच्या कांड्यांचं काय करायचं?" ज्ञानूनं विचारलं.

गोदामाच्या छताचे पत्रे टेम्पोत भरून सुरज दोर आवळत होता. कंपनीत उरलेला तो शेवटचा कारकून. "टाकून द्या, मामा. कंपनीच न्हाई ऱ्हायली, तर कांड्या कुनाला दावायच्यात?"

"साहेब येनार व्हतं न्यायला."

"साहेब कवाच दुबईला गेलं."

ज्ञानूनं मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं, पण काही वाटेचना. दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल बधिर होतो, तसं आतून झालं होतं.

पंच्याण्णव साली कंपनी आली ती वाजतगाजत. राजस्थानात जमिनीखाली मिठाचे थर आहेत. त्यांत पाणी सोडून मीठ विरघळवायचं, पोकळी करायची आणि तिच्यात डिझेल साठवायचं, असा बेत. तिकडं बोअर घेताना निघालेल्या मिठाच्या मनगटाएवढ्या कांड्या नमुने म्हणून केडगावला आल्या, कारण कंपनीच्या मालकाचं गोदाम इथं रिकामं होतं. राखणीला कासुर्डीचा ज्ञानू धनगर. पगारी नोकरी लागली म्हणून त्यानं मेंढरं विकली. चार मेंढ्या तेवढ्या भामाबाईनं, त्याच्या बायकोनं, हट्टानं ठेवून घेतल्या, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. मेंढरू मिठाला हपापलेलं. दाराशी आलं की ज्ञानू काठी हाणायचा. एकीचा तर पाय कायमचा अधू झाला.

"मिठाच्या ढिगावर बसलाय, आन् मी दुकानातनं मीठ इकत आनतीय," भामाबाई म्हणायची. "द्या की योक तुकडा."

"देशाचं काम हाय ते!"

पावसाळ्यात पत्रा गळायचा, तेव्हा आपलं घोंगडं कांड्यांवर टाकून हा गडी स्वतः भिजत बसायचा.

पोकळी काही झालीच नाही. भागीदार भांडले, बोअर बुजवले गेले. पगार थांबला तरी ज्ञानूची राखण थांबली नाही.

टेम्पो गेला. छत नसलेल्या चार भिंतींत मिठावर पहिल्यांदाच ऊन पडलं. इतकी वर्षं आपण नेमकं काय राखलं, हे ज्ञानूला कळेना.

"आनू का मेंढ्या?" भामाबाईनं हळूच विचारलं.

"आन."

मेंढ्या आल्या, पण दारात थबकल्या. ज्ञानूनं एक कांडी उचलून पुढं केली. "ये, घे." हात उचललेला दिसताच लंगडी मागं सरली, तिच्यामागं बाकीच्याही. भामाबाई लंगडीची पाठ थोपटू लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं कांडी दारात ठेवली आणि मेंढ्यांना दिसणार नाही असा भिंतीमागं जाऊन बसला.

बऱ्याच वेळानं चाटल्याचा खरखर आवाज येऊ लागला. ज्ञानू हलला नाही. खोकल्याची ढास आली, तीही त्यानं पटक्याचा बोळा तोंडावर धरून दाबून टाकली.